खिडकी आणि समुद्र यांच्यामधली जमीन

२०२४ साली फ्लाय ९१ या विमान कंपनीने जळगाव आणि गोव्यातले मोपा यांच्यामध्ये थेट सेवा सुरू केली. तोवर खानदेशातल्या माणसाला गोवा म्हणजे गोवा एक्स्प्रेसमधली रात्र, नाहीतर नाशिक-पुणे करत जाणारी गाडी. मोपा पेडणे तालुक्यात आहे. तिथून मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हे किनारे जवळ, आणि राज्याची हद्द ओलांडली की सिंधुदुर्गातले रेडी, शिरोडा, वेंगुर्ले. या सगळ्या पट्ट्यात हॉटेलच्या थाटाचे फ्लॅट विकायला आहेत. खाली पोहण्याचा तलाव, दारात रिसेप्शन, वर्षातले पंधरा दिवस आपण राहायचे आणि उरलेले दिवस कंपनीने पाहुण्यांना भाड्याने द्यायचे. केळीचा व्यापारी, सराफ, डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, मुले बंगळुरू-पुण्याला असलेले जोडपे, असे अनेकजण हा विचार करतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की तो विचार घट्ट होतो.

खानदेशचा स्वतःचा समुद्र तसा सुरतेचा. भुसावळवरून वाहत गेलेली तापी डुमसपाशी अरबी समुद्राला मिळते आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात अहिराणी बोलणारी वस्ती मोठी आहे. पण घर घ्यायचे ठरले की डोळ्यांपुढे कोकण आणि गोवाच येतो, कारण तिथे पांढरी वाळू, माड आणि मावळता सूर्य आहे. विकणारा नेमके तेच विकतो. इमारत एकच, मजला एकच, क्षेत्रफळ एकच, तरीही दोन फ्लॅटच्या किमतीत काही लाखांचा फरक असतो आणि तो फरक खिडकीबाहेरच्या दृश्याचा असतो. तो फरक द्यावा की नाही, द्यायचा तर किती, आणि दिल्यावर हाती नेमके काय पडते, हे शांतपणे तपासणारे लोक फार थोडे भेटतात.

दरपत्रकापासून सुरुवात करू. त्यात मूळ दर असतो, त्यावर मजल्यागणिक वाढणारा ‘फ्लोअर राइज’ आणि मोक्याच्या जागेचे ‘पीएलसी’. समुद्राचे पैसे या दोन रकान्यांत बसवलेले असतात. समजा, ६०० चौरस फुटांचा फ्लॅट ९,००० रुपये दराने ५४ लाखांना आहे आणि समुद्राच्या बाजूचा तसाच फ्लॅट १५ टक्के महाग आहे. म्हणजे दृश्याचे ८ लाख १० हजार झाले. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. मोक्याच्या जागेची रक्कम बांधकामासोबतच आकारली तर तिलाही हाच दर लागू होतो, हे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आणखी ४०,५०० रुपये. ही ८ लाख १० हजारांची रक्कम साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जातून उभी केली तर महिन्याचा हप्ता साधारण ७,००० रुपये बसतो, वर्षाला ८४,०००. कुटुंब वर्षातून पंधरा दिवस जाणार असेल, तर नुसत्या दृश्याचा दिवसाचा खर्च ५,६०० रुपये. घराचा खर्च वेगळा. हा आकडा पाहूनही कुणी हो म्हणेल, आणि त्यात गैर काही नाही. समुद्रासमोर सकाळचा चहा घेण्याची किंमत ज्याची त्याने ठरवायची. पण ती ठरवताना आकडा समोर असावा.

दुसरा रकाना शब्दांचा. ‘सी-फेसिंग’, ‘सी-व्ह्यू’, ‘पार्शियल सी-व्ह्यू’, ‘पूल व्ह्यू’, ‘गार्डन व्ह्यू’. चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया काय, हे रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने नेमके सांगितले आहे. ‘सी-व्ह्यू’ची व्याख्या त्या कायद्यात नाही. त्यामुळे दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून दिसणारा समुद्र आणि बाल्कनीच्या कठड्यावरून मान बाहेर काढल्यावर दोन इमारतींच्या फटीत दिसणारी निळी पट्टी, दोन्ही एकाच शब्दात बसतात. किनाऱ्यावरचे भूखंड बहुधा अरुंद आणि लांबट असतात. समुद्राकडची बाजू आखूड, आत खोली भरपूर. अशा जमिनीवर इमारत बांधली की समुद्राकडे सरळ तोंड करणारे फ्लॅट मोजकेच निघतात. बाकीच्यांचे तोंड मधल्या तलावाकडे, आणि समुद्र एका बाजूला.

या फरकाला बाजार किती किंमत देतो, याचा एक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम या किनाऱ्यावरच्या शहरातल्या घरांच्या विक्रीवरून बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला. दृश्य नसलेल्या तशाच घराच्या तुलनेत, समुद्र पूर्ण आणि उत्तम दिसणाऱ्या घराची किंमत जवळजवळ ६० टक्क्यांनी जास्त होती. सर्वांत कमी प्रतीच्या समुद्रदृश्याने मात्र सुमारे ८ टक्क्यांचीच भर पडत होती. तिथले आकडे इथे लागू होणार नाहीत, पण दोन्ही टोकांमधले अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘पार्शियल’ फ्लॅटला पूर्ण दृश्याच्या जवळपास जाणारा दर लावला असेल, तर घासाघीस करायला ही जागा आहे. पुढे तो फ्लॅट विकताना समोरचा गिऱ्हाईक ती घासाघीस करणारच आहे.

आता मुख्य मुद्दा. दृश्याचे पैसे घेतले जातात, पण दृश्यावर हक्क मिळत नाही.

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीत २० वर्षे अखंड येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो. नजरेवर नाही. ज्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून हा विचार आला, तिथे १६१० सालच्या ऑल्ड्रेड खटल्यातच न्यायाधीशांनी दृश्य ही केवळ आनंदाची बाब मानली आणि शेजाऱ्याने ते अडवले म्हणून दावा लावता येणार नाही असे ठरवले. चारशे वर्षांत हा मूळ नियम बदललेला नाही. पुढच्या भूखंडावर कायदेशीर परवानगीने चार मजले उठले आणि तुमच्या बाल्कनीतून समुद्र नाहीसा झाला, तर त्या मालकाविरुद्ध तुमच्या हाती फारसे काही नसते.

खुद्द मुंबईचा इतिहास हेच सांगतो. १८७८ साली पूर्ण झालेली मुंबई उच्च न्यायालयाची इमारत आणि तिच्या रांगेतले विद्यापीठ बांधले गेले तेव्हा ओव्हल मैदानापलीकडे थेट बॅकबेचा समुद्र होता. पुढे बॅकबेत भराव पडला, १९३० च्या दशकात मैदानाच्या दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली आणि जुन्या इमारतींचा समुद्र त्या रांगेमागे गेला. या दोन्ही रांगा २०१८ पासून मिळून जागतिक वारसा आहेत, ही त्यातली सुंदर गोष्ट. पण आधीच्या रांगेपुढचे पाणी कायमचे गेले. अलीकडची उदाहरणेही मुंबईचीच आहेत. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि माहीमच्या उपसागराकडे तोंड करून बसलेल्या घरांच्या समोर केबलचा पूल आला. काहींना तो आवडतो, त्याचे दिवे पाहायला लोक गच्चीवर जातात. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्त्याचा पहिला भाग सुरू झाला आणि ब्रीच कँडी-वरळीच्या खिडक्यांखाली जिथे लाटा होत्या तिथे भराव आणि आठपदरी वाहतूक आली. कोट्यवधी रुपये मोजून घेतलेल्या घरांचीही ही गत होते.

म्हणून फ्लॅट पाहायला जाणाऱ्याने आधी आपली खिडकी आणि समुद्र यांच्यामधली जमीन पाहावी. ती कुणाची आहे आणि तिच्यावर काय होऊ शकते, यावरच दृश्याचे आयुष्य ठरते.

हे काम खानदेशातल्या माणसाला जड जाऊ नये. यावल-रावेर-चोपड्याकडचा शेतकरी बांधावरून गट नंबर सांगतो आणि सातबाऱ्यावरच्या इतर हक्काच्या रकान्यात काय दडलेले असते हे त्याला पाठ असते. तीच नजर समुद्रापुढच्या तुकड्यावर फिरवायची. महाराष्ट्रात असेल तर पुढच्या गटाचा सातबारा महाभूलेखवर निघतो, हद्द भू-नकाशावर दिसते. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी ‘फॉर्म १ आणि १४’ असतो, तोही ऑनलाइन मिळतो. मालक खाजगी असेल, तर तिथे आज नारळ-पोफळीची वाडी असली तरी उद्या ती तशीच राहील याची हमी नाही. जमीन वनखात्याची असून तिच्यावर सुरूचे बन असेल, तर बांधकामाची भीती कमी, पण सुरू वीस-पंचवीस मीटर सहज वाढतो हे लक्षात ठेवावे लागते. आणि तो मोकळा तुकडा त्याच बिल्डरचा असेल, तर पहिला प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा विचारावा. पहिल्या टप्प्याच्या माहितीपत्रकात हिरवळ दाखवलेली जागा दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात इमारत असू शकते. रेराच्या संकेतस्थळावर दोन्ही टप्पे वेगवेगळे नोंदलेले असतात. त्यामुळे प्रकल्पाच्या नोंदीत फक्त आपल्या इमारतीचा नकाशा न पाहता पूर्ण लेआउट उघडून पाहावा.

इथे एजंटचे एक ठेवणीतले वाक्य येते. “भाऊ, समोर काहीच होणार नाही, सीआरझेड आहे.” हे वाक्य अनेकदा खरे असते. त्यावर लगेच विचारायचा प्रश्न असा: “मग आपली इमारत सीआरझेडच्या किती बाहेर आहे?”

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. त्याची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची आणि आता २०१९ ची. भरतीच्या उच्चतम रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्यात येतो. गावांच्या किनाऱ्यावर, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये, २०११ च्या नियमाने पहिले २०० मीटर बांधकामबंदीचे होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक आहेत तिथे, ही बंदी ५० मीटरवर आणली. विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर कायम आहेत. नवा नियम लागू व्हायला त्या भागाचा नवा किनारा आराखडा मंजूर झालेला असावा लागतो, ही अट विकणारे सांगायला विसरतात. शहरी किनाऱ्यावर, म्हणजे सीआरझेड-२ मध्ये, नवे बांधकाम आधीच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येते. त्यामुळे किनारी रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेचे दृश्य तुलनेने सुरक्षित असते.

आणखी एक आकडा गाठीला ठेवावा: ९ मीटर. सीआरझेड-३ मध्ये किनाऱ्यावरच्या रिसॉर्टची उंची छपराच्या टोकापर्यंत ९ मीटर आणि मजले दोनच, तळ आणि वर एक, अशी मर्यादा आहे. दोन रिसॉर्टमध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला २० मीटरची मोकळी वाट सोडावी लागते. तेव्हा एखाद्या गावात वाळूपासून दोनअडीचशे मीटरवर पाचव्या मजल्याचा ‘सी-व्ह्यू’ कुणी विकत असेल, तर दृश्याआधी परवानगी पाहावी. ‘प्रायव्हेट बीच’ या शब्दाचेही तसेच आहे. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर लोकांची वाट मोकळी असली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. वाळू सगळ्यांची आहे.

दृश्य जितके पाण्याजवळ, तितका इमारतीलाच धोका जास्त, हे केरळमधल्या मरडूच्या रहिवाशांनी भोगले. कोचीजवळच्या खाजणाच्या काठावर चार आलिशान गृहसंकुले उभी राहिली होती. पंचायतीच्या परवानग्या होत्या, बँकांनी कर्जे दिली होती, खिडकीत पाणी होते. सीआरझेडचा भंग झाल्याचे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी ती पाडायचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी सुरुंग लावून सगळी संकुले जमीनदोस्त झाली. प्रत्येक घरमालकाला २५ लाख रुपयांपर्यंतची अंतरिम भरपाई ठरली. त्या लोकांनी कागद पाहिले नव्हते असे नाही. त्यांनी पाहिलेल्या कागदांत किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. आपल्याकडे किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटकांनी उडवला, तोही किनाऱ्याच्या नियमांवरूनच. त्या बातमीत आरोपीचे नाव गाजले, नियम मागे राहिला.

तेव्हा चांगले दृश्य म्हणजे काय, याची सरळ कसोटी अशी: पुढच्या जमिनीवर बांधायला कायद्याने मनाई हवी आणि आपल्या जमिनीवर बांधायला कायद्याने परवानगी हवी. बिल्डरकडे भरतीरेषेपासूनचे अंतर दाखवणारा, अधिकृत संस्थेने केलेला नकाशा असतो. तो मागावा. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आराखड्याशी, गोव्यात असल्यास तिथल्या प्राधिकरणाच्या आराखड्याशी तो ताडून पाहावा. हे काम स्थानिक वास्तुविशारद किंवा वकील थोड्या फीमध्ये करून देतो, आणि पाऊण कोटीच्या व्यवहारात ही फी वाचवणे शहाणपणाचे नाही.

गोव्यात आता समुद्राइतकीच भातशेतीच्या दृश्याची मागणी आहे. आसगाव, शिवोली, हळदोणे या भागांत पावसाळ्यात हिरवेगार शेत खिडकीत येते आणि किंमत किनाऱ्याहून कमी पडते. तिथेही मधल्या जमिनीचा प्रश्न सुटत नाही. २०२३ च्या कायद्याने गोव्यात भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन आले, ही दृश्याच्या बाजूची गोष्ट. पण त्याच सुमारास नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ खाली शेत-बागायतीच्या जमिनी वसाहतीच्या झोनमध्ये बदलण्यावरून लोक रस्त्यावर आले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. समोरच्या शेताचा आजचा झोन काय आणि तो बदलायचा अर्ज पडला आहे का, हे पाहिल्याशिवाय हिरव्या रंगाचे पैसे देऊ नयेत.

कागद झाले, आता प्रत्यक्ष जागा. पश्चिम किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, म्हणून प्रत्येक ‘सी-व्ह्यू’ फ्लॅट सूर्यास्ताचा, असे गृहीत धरले जाते. सूर्य मात्र एका जागी मावळत नाही. कोकण-गोव्याच्या अक्षांशावर २१ जूनला तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला बुडतो आणि २२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात मावळतीचा बिंदू क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच मुठींचे अंतर. नाताळात पाहिलेला सूर्यास्त मेच्या सुट्टीत त्याच बाल्कनीतून दिसेलच असे नाही. किनारा अर्धचंद्राकार असेल आणि उत्तरेला डोंगराचे नाक समुद्रात शिरलेले असेल, तर मे महिन्यात सूर्य त्या डोंगरामागे जाईल. फोनमधल्या होकायंत्राने हे पाच मिनिटांत तपासता येते.

पश्चिमेचा सूर्य म्हणजे ऊनही. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत कशी धगधगते, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. पूर्ण काचेच्या दिवाणखान्यात दुपारी दोन ते सहा पडदे ओढून बसावे लागत असेल, तर दृश्य संध्याकाळच्या तासाभरापुरते उरते. पुढे दीड-दोन मीटर आलेली बाल्कनी किंवा छज्जा असेल तर फरक पडतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्या कुटुंबांना एक सोय आपोआप मिळते. बाल्कनी पश्चिमेला आली की मुख्य दार बहुतेकदा पूर्वेकडच्या मार्गिकेत उघडते.

मजल्याबाबत सगळ्यांचा कल वर जाण्याकडे असतो. डोळ्यांची उंची समुद्रसपाटीपासून ५ मीटर असेल तर क्षितिज ८ किलोमीटरवर असते, २५ मीटर असेल तर सुमारे १८ किलोमीटरवर. आकडा दुपटीहून मोठा, पण डोळ्याला क्षितिज दोन्हीकडून एक रेघच दिसते. खरा फरक जवळचा असतो. खालून लाट फुटताना दिसते, वाळूवरची माणसे, होड्या, लाटेचा आवाज. वरून निळा पसारा दिसतो आणि आवाज विरळ होतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर तर अनेक ठिकाणी माडांच्या झावळ्याच खिडकीत येतात. झाडेही कायमची नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. ज्यांची झाडे गेली त्यांचा संसार मोडला. मागच्या घरांना मात्र रातोरात समुद्र दिसू लागला.

खाडीचे दृश्य घेणाऱ्याने भरती-ओहोटी दोन्ही पाहावी. सकाळी अकराला भरलेली खाडी संध्याकाळी पाचला चिखलाचे मैदान असू शकते. त्या चिखलात कांदळवने असतील तर उलट बरे. मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटर बांधकामाला मनाई आहे, त्यामुळे तिथला हिरवा पट्टा टिकण्याची शक्यता जास्त. नियोजित कामेही विचारावीत. रेवस ते रेडी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग खाड्यांवर पूल बांधत येतो आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. नाशिकमार्गे जवळ म्हणून धुळ्याचे लोक त्या बाजूला घर शोधतात, त्यांनी पुढच्या दहा वर्षांत तिथल्या क्षितिजावर काय येणार हे आधीच समजून घ्यावे.

बाल्कनीत उभे राहून हो म्हणू नये. एक खुर्ची मागून बसावे. साध्या खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.१५ ते १.२० मीटरवर असतात. कठडा सव्वा मीटरची पक्की भिंत असेल तर बसल्यावर समुद्र गायब होतो, फक्त आभाळ राहते. लोखंडी गज किंवा काचेचा कठडा असेल तर दिसतो. पण समुद्रासमोरच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याने दोनचार दिवसांत पांढुरका थर बसतो आणि बंद घरात तो पुसायला कुणी नसते. बिजागऱ्यांवर हात फिरवावा. दोन पावसाळे झालेल्या इमारतीत स्वस्त लोखंड बोटाला तांबडे लागते, एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी चुरा होऊ लागलेली असते.

तोच खारा वारा काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत जातो. आयएस ४५६ या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात धरले आहे. तिथे किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण लागते. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आपल्याकडच्या कोरड्या हवेत एम २० आणि २० मिलिमीटर चालून जाते. समुद्राच्या सर्वांत जवळचा फ्लॅट हा सर्वांत जास्त देखभालीचा फ्लॅट असतो, आणि हा प्रश्न साइट इंजिनिअरला विचारला तर तो उत्तर देतो. विक्री कार्यालयात तो कुणी विचारत नाही.

जळगावात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. जुलैत समुद्र करडा-गढूळ होतो, झड सरळ बाल्कनीत घुसते, किनाऱ्यावरची बरीच दुकाने बंद असतात. घर भाड्याने चालवायचे असेल तर हेच चार महिने उत्पन्नाचे गणित बिघडवतात. त्यामुळे एक फेरी दिवाळीनंतर आणि एक भर पावसात, अशा दोन भेटींशिवाय टोकनपलीकडे जाऊ नये. तयार इमारत नसेल तर ड्रोनच्या फोटोवर विसंबू नये. तो कुठल्या उंचीवरून आणि कुठल्या दिशेने काढला ते विचारावे आणि शेजारच्या एखाद्या इमारतीच्या त्याच मजल्यावरून स्वतः पाहावे.

शेवटी करारनामा. रेराच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा घाई तुमची नाही. दृश्याचे जादा पैसे घेतले असतील तर ते कशाचे, हे करारात लिहून मागावे: फ्लॅटची दिशा, समोरची जागा मोकळी ठेवण्याचे वचन, तिचा सर्व्हे नंबर, मंजूर लेआउटची प्रत जोडपत्र म्हणून. इमारत अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खाली असेल तर घोषणापत्रात पुढची हिरवळ सामाईक मालकीची आहे की बिल्डरने स्वतःकडे ठेवली आहे, ते वाचावे. कलम १४ नुसार मंजूर लेआउट बदलायला दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. अशी संमती करारातच आगाऊ घेणारे वाक्य बारीक अक्षरात असेल तर ते काढायला लावावे. आणि कलम १२ विसरू नये. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झाले, तर भरपाई मिळू शकते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पूर्ण रक्कम परत मागता येते. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून ‘अनइंटरप्टेड सी-व्ह्यू’ लिहिलेले ते चकचकीत माहितीपत्रक, एजंटचे व्हॉट्सॲप संदेश आणि जाहिरातीचा फोटो फाइलला लावून ठेवावा. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. तक्रार मात्र घर जिथे असेल तिथल्या प्राधिकरणाकडे करायची असते. वेंगुर्ल्याच्या फ्लॅटसाठी महारेरा, मोरजीच्या फ्लॅटसाठी गोवा रेरा.